जुन्या विमानाचा धनी

‘जुनं ते सोनं’ ही म्हण आपल्याकडे जितक्या वेळा कानावर पडते, तितक्याच वेळा ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ हीही ऐकू येते. गंमत अशी की एकाच वस्तूच्या बाबतीत या दोन्ही म्हणी खऱ्या ठरू शकतात. आजोबांचं घड्याळ, आईचं शिवणयंत्र, शेजारच्या काकांची फियाट गाडी यांच्यावरून घराघरात जो वाद होतो, तो या दोन म्हणींमधलाच असतो. आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, ती मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दारात उभी राहिली असेल. ती आहे एका इंजिनाचं, दोन किंवा चार माणसांचं, चाळीस-पन्नास वर्षं वयाचं लहान विमान.

तुम्ही म्हणाल, कवी माणसाला विमानाच्या भानगडीत पडायचं काय कारण? कारण इतकंच की मालकी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न या लहान विमानानं फार स्पष्ट करून ठेवला आहे. रस्त्यात गाडी बंद पडली तर आपण ती कडेला घेतो, बॉनेट उघडतो, चहाची टपरी शोधतो. आकाशाला कडा नाही. त्यामुळे जुनी वस्तू सांभाळणं म्हणजे काय, याचं उत्तर तिथं उद्यावर टाकता येत नाही.

अमेरिकेत अशी एका इंजिनाची पिस्टनवर चालणारी एक लाखाहून अधिक विमानं आहेत आणि त्यांचं सरासरी वय चाळिशीच्या पुढे गेलेलं आहे. त्यांचे मालक सगळेच धनाढ्य नाहीत. त्यात शेतकरी आहेत, शाळामास्तर आहेत, निवृत्त कारागीर आहेत. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात लोक पन्नास वर्षांपूर्वीची विमानं का उडवतात? याचं उत्तर इतिहासात आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड या तेलाच्या गावापासून ही गोष्ट सुरू करू. १९३० साली तिथं टेलर नावाच्या गृहस्थांनी एक हलकं विमान बनवलं. त्याला बसवलेलं इंजिन जेमतेम वीस अश्वशक्तीचं होतं आणि त्याचं नाव होतं ‘टायगर किटन’, म्हणजे वाघाचं पिल्लू. त्यावरून विमानाचं नाव पडलं ‘कब’. हे इंजिन विमानाला नीट उचलूही शकेना. कंपनीचं दिवाळं निघालं. लिलावात तिची मालमत्ता तेलाचा धंदा करणारे विल्यम पायपर यांनी ७६१ डॉलरांना घेतली. पुढे टेलर आणि पायपर वेगळे झाले. १९३७ मध्ये ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत गेला. पायपरनी लॉक हेवन या गावी नवं बस्तान बसवलं, आणि तिथून ‘पायपर जे-३ कब’ हे पिवळ्या रंगाचं, अंगावर काळ्या विजेची रेघ असलेलं विमान हजारोंच्या संख्येनं बाहेर पडू लागलं.

या विमानाचा साधेपणा पाहण्यासारखा होता. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. मागे-पुढे दोन जागा. बहुतेक विमानांना ६५ अश्वशक्तीचं इंजिन, आणि ते चालू करायचं ते पंखा हातानं फिरवून. टाकीत पेट्रोल किती आहे हे पाहायला काटा नव्हता. टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार होती आणि तिच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोल कमी होईल तसं बूच खाली जायचं आणि वैमानिकाला समोरच्या काचेतून ती तार बुटकी होताना दिसायची. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर अमेरिकन सरकारनं नागरी वैमानिक घडवण्याची योजना काढली, तेव्हा हजारो तरुणांचं उड्डाणाचं पहिलं पाऊल या पिवळ्या विमानात पडलं.

युद्ध संपलं. कारखानदारांना वाटलं, आता घरी परतणारा प्रत्येक वैमानिक विमान विकत घेणार. १९४६ या एकाच वर्षात अमेरिकेत तीस हजारांहून जास्त लहान विमानं तयार झाली. पण घरी परतलेल्यांना आधी घर हवं होतं, गाडी हवी होती, संसार मांडायचा होता. दोन-तीन वर्षांत हा बाजार कोसळला. जे कारखाने तगले त्यात कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातला सेस्नाचा कारखाना होता. त्याचे संस्थापक क्लाइड सेस्ना हे मुळात शेतकरी आणि मेकॅनिक. त्यांनी १९२७ मध्ये ही कंपनी काढली होती.

या कंपनीनं १९५६ सालापासून ‘सेस्ना १७२’ हे विमान बाजारात आणलं. अंग ॲल्युमिनियमचं, पंख डोक्यावर, जागा चार, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. यात विलक्षण असं काही नव्हतं. फरक एवढाच होता की आधीच्या विमानांचं तिसरं चाक शेपटीखाली असायचं, ते इथं नाकाखाली आलं. त्यामुळे जमिनीवर उतरताना विमान सरळ राहू लागलं आणि नवशिक्याची धाकधूक कमी झाली. आजवर या एका जातीची ४४ हजारांहून अधिक विमानं तयार झाली आहेत. जगात दुसरं कोणतंच विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही. बारामतीला किंवा धुळ्याला वैमानिक घडवणाऱ्या संस्थांच्या आवारात ज्यांनी कधी डोकावलं असेल, त्यांना ते ओळखीचं वाटेल.

ते किती चिवट आहे याचा पुरावा १९५८ सालचा आहे. त्या वर्षी ४ डिसेंबरला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघं लास वेगासहून एका सेस्ना १७२ मधून उडाले आणि खाली उतरले ते १९५९ च्या ७ फेब्रुवारीला. ६४ दिवस, २२ तास आणि १९ मिनिटं ते विमान हवेत होतं. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर खाली ट्रक धावायचा, वर विमान त्याच वेगानं उडायचं, आणि नळी वर ओढून पेट्रोल भरायचं, जेवणाचे डबे वर घ्यायचे. इंजिन शेवटी इतकं काजळून गेलं की विमानाला उंची गाठता येईना. तरी ते थांबलं नाही. ते विमान आज लास वेगासच्या विमानतळावर छताला टांगलेलं आहे.

इथवरची कथा भरभराटीची आहे. पुढची वेगळी आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या कारखान्यांनी लहान-मोठी मिळून १७,८११ खासगी विमानं बनवली. त्यानंतर उतरण लागली. १९९४ मध्ये हा आकडा होता ९२८. सोळा वर्षांत एक अख्खा धंदा जवळजवळ नाहीसा झाला. सेस्ना कंपनीनं १९८६ मध्ये एका पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं. पायपर कंपनीवर १९९१ मध्ये दिवाळखोरीत जाण्याची वेळ आली.

कारणं बरीच होती. पेट्रोल महागलं, व्याजदर चढले, आणि आधीच विकलेली विमानं अजून उडत असल्यानं नव्यांना गिऱ्हाईक कमी झालं. कारखानदार मात्र सगळ्यात जास्त बोट दाखवत होते ते न्यायालयाकडे. एखादं विमान तीस वर्षांपूर्वी विकलेलं असे. मधल्या काळात त्याचे पाच-सात मालक बदललेले, कोणी नीट सांभाळलेलं, कोणी नुसतंच उभं ठेवलेलं. ते पडलं की मृतांचे नातेवाईक मूळ कारखान्यावर दावा लावत. विम्याचे हप्ते फुगत गेले आणि ते नव्या विमानाच्या किमतीत चढू लागले. कारखानदार विचारू लागले, तीस वर्षांपूर्वी विकलेल्या वस्तूची जबाबदारी आम्ही कुठवर घ्यायची?

हा प्रश्न एकतर्फी नव्हता. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यानं दाद कुणाकडे मागायची? आराखड्यातली चूक पहिल्या वर्षी असो वा तिसाव्या, ती कारखानदाराचीच ना? या रस्सीखेचीतून १७ ऑगस्ट १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनं एक कायदा झाला. त्यानुसार लहान विमान किंवा त्याचा एखादा भाग विकल्यापासून अठरा वर्षं उलटली की अपघाताबद्दल कारखानदारावर दावा लावता येत नाही. अपवाद ठेवले गेले. कारखानदारानं जाणूनबुजून माहिती दडवली असेल, प्रवासी रुग्ण म्हणून उपचारासाठी नेला जात असेल, किंवा अपघातात सापडलेला माणूस विमानात नसून जमिनीवर असेल, तर ही ढाल चालत नाही. सेस्नाचे प्रमुख रस मेयर यांनी शब्द दिला होता की कायदा झाला तर आम्ही पुन्हा लहान विमानं बनवू. त्यांनी तो पाळला. कॅन्ससमधल्याच इंडिपेंडन्स या गावी नवा कारखाना उभा राहिला आणि दहा वर्षांच्या खंडानंतर १९९६ पासून १७२ पुन्हा बनू लागलं.

पण तोवर किमती सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेल्या होत्या. आज नवं कोरं १७२ घ्यायचं तर चार लाख डॉलरांहून जास्त मोजावे लागतात. शाळामास्तरानं ते कुठून आणायचे? म्हणून तो सत्तरच्या दशकातलं विमान शोधतो. ते त्याला नव्याच्या काही अंशांत मिळतं. जुन्या विमानांच्या बाजाराची ही खरी कहाणी आहे. त्यात छंदाचा आणि आठवणींचा भाग आहे, पण त्याहून मोठा भाग ऐपतीचा आहे.

आता हिशेब मांडू. आधी जमेची बाजू.

पहिली गोष्ट म्हणजे किंमत. नवी वस्तू दुकानाबाहेर पडली की तिची किंमत उतरते. जुन्या विमानाची ती उतरण कधीच पार पडलेली असते. नीट ठेवलं तर चार-पाच वर्षांनी घेतलेल्या भावात ते विकताही येतं. दुसरी गोष्ट साधेपणा. या इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. विमानातली सगळी वीज गेली तरी इंजिन चालूच राहतं, कारण त्याला बॅटरीची गरज नसते. तिसरी गोष्ट ओळख. या जातीची हजारो विमानं असल्यानं गावोगावचा मेकॅनिक तिचं पोट जाणतो. सुटे भाग मिळतात, आणि कोणता आवाज कशाचा हे सांगणारी माणसं मिळतात.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुन्या विमानाचे दोष माहीत झालेले असतात. नव्याचे अजून कळायचे असतात. याचं उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूच्या मैदानावर उतरले. आपल्या देशातल्या नियमित विमानसेवेची ती सुरुवात. अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. त्यांचं विमान होतं ‘पस मॉथ’, एका इंजिनाचं, तेव्हाच्या मानानं अगदी नवं. आणि त्याच काळात याच जातीची काही विमानं वेगवेगळ्या देशांत हवेतच पंख मोडून कोसळत होती. बऱ्याच तपासानंतर दोष पंखाला आधार देणाऱ्या दांड्यापाशी सापडला आणि त्या दांड्याला आणखी एक लहान टेकू देण्यात आला. नवेपण म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्या विमानानं तेव्हाच दाखवून दिलं. पन्नास वर्षं हजारोंनी उडालेलं विमान अशा परीक्षांतून गेलेलं असतं. त्यात सापडलेल्या प्रत्येक दोषावर विमान खात्याचा लेखी आदेश निघतो, आणि तो पाळल्याशिवाय उडता येत नाही.

आता खर्चाची बाजू. इथं कोंबडी आणि मसाल्याची म्हण पुरेपूर लागू पडते.

अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे अशा विमानाची दर बारा महिन्यांनी संपूर्ण तपासणी करावी लागते. त्यासाठी खास अधिकार असलेला मेकॅनिक लागतो. तो विमानाची सगळी झाकणं उघडतो. पंखाच्या आत आरसा आणि दिवा घालून गंज शोधतो. सुकाणूच्या तारांवरून कापड फिरवतो. कुठे एखादा धागा तुटलेला असेल तर कापड तिथं अडकतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा भरतो आणि किती टिकते ते पाहतो. निकाल लिहिला जातो तो शाळेतल्या गुणांसारखा, ८० पैकी ७६, ८० पैकी ७२. एखादा सिलिंडर फारच मागे पडला तर तो उतरवावा लागतो. तपासणीची मजुरी ठरलेली असते. तपासणीत काय निघेल ते ठरलेलं नसतं. जुन्या विमानाच्या मालकाला वर्षातून एकदा जी धास्ती वाटते, ती या दिवसाची.

त्याशिवाय इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधण्याचा दिवस येतो. सेस्ना १७२ मधल्या जुन्या लायकमिंग इंजिनासाठी कारखान्यानं सुचवलेली मर्यादा साधारण २००० तासांची आहे. तेव्हा होणारा खर्च विमानाच्या खरेदीच्या किमतीचा मोठा हिस्सा असू शकतो. म्हणून शहाणा गिऱ्हाईक विमानाचा रंग बघत नाही, इंजिनाचे किती तास उरलेत ते विचारतो. विमान उभं करायला छप्पर हवं, त्याचं भाडं. विमा हवा. आणि तासाला तीस ते पस्तीस लिटर पेट्रोल हवं, म्हणजे लिटरमागे सहा किलोमीटरच्या आसपास. तेही पंपावरचं साधं पेट्रोल नव्हे, विमानाचं महाग पेट्रोल.

म्हणून पुष्कळ लोक विमान विकत न घेता क्लबकडून तासानं घेतात. १९८७ च्या २८ मे रोजी माथियास रुस्ट नावाचा अठरा वर्षांचा जर्मन मुलगा सोव्हिएत संघाच्या सगळ्या पहाऱ्यांना चकवून मॉस्कोच्या लाल चौकाजवळ उतरला. ते विमानही सेस्ना १७२ होतं, आणि तेही त्याचं स्वतःचं नव्हतं, भाड्यानं घेतलेलं होतं. त्याचा उद्योग सोडून द्या. पण साधा हिशेब सांगतो की वर्षाला शंभरेक तास उडणार नसाल, तर भाड्याचंच बरं.

इथं एक उलटी गोष्ट सांगायला हवी. आपल्याला वाटतं, वस्तू कमी वापरली तर ती जास्त टिकते. विमानाचं तसं नाही. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट हा महत्त्वाचा भाग वरच्या अंगाला असतो. विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल ओघळून खाली जातं आणि दमट हवेत त्या भागावर गंज चढतो. टाकीत पाणी साचतं, रबर कडक होतं, पाखरं घरटी बांधतात. म्हणून पन्नास वर्षांत फक्त हजार तास उडालेलं विमान ‘फारसं वापरलेलं नाही’ म्हणून कोणी दाखवलं, तर जाणकार माणूस खुश होत नाही, सावध होतो. वापराविना म्हातारपण लवकर येतं, हे माणसांबद्दलही आपण पाहतोच.

उलट, अति वापरानंही म्हातारपण येतं, आणि ते कॅलेंडरवर दिसत नाही. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथं प्रशिक्षणाच्या एका पायपर विमानाचा डावा पंख हवेतच तुटला. आत एक विद्यार्थी आणि त्याची परीक्षा घेणारा परीक्षक असे दोघं होते. दोघंही गेले. ते विमान २००७ मध्ये बनलेलं, म्हणजे अवघं अकरा वर्षांचं होतं. पण शिकाऊ हातांखाली ते साडेसात हजारांहून जास्त तास उडालं होतं आणि हजारो वेळा जमिनीवर आदळत उतरलं होतं. पंखाच्या मुख्य तुळईत, बोल्टच्या भोकापाशी, एक चीर वाढत गेली होती. ती बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. २०२१ मध्ये आदेश निघाला, की अशा जातीच्या विमानांनी ठरावीक वापर पूर्ण केला की पंखाचे ते बोल्ट काढायचे आणि भोकाच्या आतून विजेच्या उपकरणानं चीर शोधायची. आता दुसऱ्या राज्यातला एखादा निवृत्त गृहस्थ, ज्याचं विमान कधी कुणी आपटलेलं नाही, त्यालाही या आदेशापोटी आपली वही काढून तास मोजावे लागतात. दोन अनोळखी माणसांच्या मृत्यूनं त्याच्या विमानाच्या देखभालीत एक ओळ वाढवलेली असते. अशा वह्यांतल्या अनेक ओळींमागे असंच काहीतरी घडलेलं असतं.

ही वही म्हणजे विमानाची जन्मपत्रिका. सांगाड्याची, इंजिनाची आणि पंख्याची नोंद त्यात असते. कोणत्या तारखेला काय बदललं, कुणी तपासलं, सही कुणाची, सगळं. वही हरवलेल्या विमानाची किंमत एकदम घसरते. लग्न ठरवताना आपण जसे सात पिढ्यांची चौकशी करतो, तसं इथंही चालतं.

मालकाच्या खिशापलीकडचा एक तोटाही सांगायला हवा. या विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये आजही शिसं असतं. दाबाखाली इंधन वेळेआधी पेटू नये म्हणून ते घालतात. गाड्यांच्या पेट्रोलमधून ते भारतात २००० साली गेलं, अमेरिकेत १९९६ पर्यंत गेलं. विमानात राहिलं. एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम शिसं असू शकतं. त्या मर्यादेनं मोजलं तर लहान विमान तासाला सुमारे १८ ग्रॅम शिसं हवेत सोडू शकतं. कॅलिफोर्नियातल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाभोवतीच्या वस्तीत मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास झाला आणि २०२२ च्या १ जानेवारीपासून तिथं शिसंयुक्त इंधनाची विक्री बंद झाली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं या धुराचा आरोग्याला धोका असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. २०३० अखेर हे इंधन बंद करण्याचं तिथलं उद्दिष्ट आहे. बिनशिशाचं पर्यायी इंधन सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूरही झालं आहे, पण ते सगळीकडे पोचवण्याचं काम मोठं आहे. यात एक गंमत अशी की काही फार जुनी, कमी दाबाची इंजिनं मुळातच साध्या पेट्रोलवर भागवू शकतात. खास परवानगी काढून काही मालक ती तशी चालवतातही. वय इथं कामाला आलं. पण विमानतळाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या मुलाला या छंदाची किंमत का मोजावी लागावी, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आपल्याकडे हलकं विमान घरोघरी कधीच आलं नाही. ते राहिलं मुख्यतः फ्लाइंग क्लबांच्या आश्रयानं. १९५८ मध्ये बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं ‘पुष्पक’ नावाचं दोन जागांचं, ९० अश्वशक्तीचं विमान उडवलं. अशी दीडशेच्या आसपास विमानं बनली आणि देशभरच्या क्लबांतून वैमानिकांची एक अख्खी पिढी त्यांच्यावर शिकली. एकाच्या ऐपतीबाहेरची वस्तू अनेकांनी मिळून सांभाळायची, हा मार्ग आपल्याला नवा नाही. अमेरिकेतही आज चार-पाच जण मिळून एक जुनं विमान घेतात आणि खर्च वाटून घेतात. ज्याला एकट्याला झेपत नाही त्याच्यासाठी हाच मधला रस्ता आहे. त्यात विमान उभंही राहत नाही आणि इंजिन गंजतही नाही.

मे १९३० मधला एक प्रसंग या वाटून घेण्याशी जुळतो. भारत ते इंग्लंड एकट्यानं उडण्याची आगाखान स्पर्धा चालू होती. जेआरडी इकडून निघाले होते आणि ॲस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा तिकडून येत होता. इजिप्तमध्ये ॲस्पी अडकून पडला होता. त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हते. प्रतिस्पर्धी असलेल्या जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. स्पर्धा ॲस्पीनं जिंकली. हाच मुलगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. जुन्या, साध्या विमानांच्या जगात एकाचा प्लग दुसऱ्याला चालतो, आणि तो देणारी माणसंही असतात.

त्याच जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते जुहू हे उड्डाण पुन्हा एकट्यानं केलं. या वेळी त्यांच्याकडे ‘लेपर्ड मॉथ’ होतं. या जातीची विमानं १९३३ ते १९३६ याच काळात बनली, म्हणजे त्या दिवशी ते लाकडाचं आणि कापडाचं विमान पंचेचाळिशी ओलांडून गेलेलं होतं. जुहूला जमलेल्या लोकांनी कौतुक केलं ते वैमानिकाचं, आणि ते योग्यच होतं. पण त्या लाकडात कीड शिरू दिली नाही, कापड वेळेवर बदललं, इंजिनाला गंजू दिलं नाही, अशा माणसांचे हातही त्या उड्डाणात होते. त्यांची नावं कुणी विचारली नाहीत. ती देखभालीच्या वहीत असणार.

तेव्हा जुनं विमान सोनं की मसाल्याची कोंबडी? ज्याला ते स्वस्तात मिळालं म्हणून घ्यायचं आहे, त्याला ते महागात पडतं. ज्याला ते सांभाळण्यासाठी घ्यायचं आहे, त्याला ते परवडू शकतं, कारण त्यानं खर्च आधीच मनात धरलेला असतो. अमेरिकेच्या विमान नियमांत ९१.४०३ या क्रमांकाचं एक कलम आहे. विमान उडण्यायोग्य ठेवण्याची पहिली जबाबदारी त्याच्या मालकाची किंवा ते चालवणाऱ्याची आहे, असं ते स्वच्छ सांगतं. मेकॅनिकचं नाव त्यानंतर येतं. १९९४ च्या कायद्यानं अठरा वर्षांनंतर कारखानदाराला बाजूला केलं. उरला मालक. पन्नास वर्षांचं विमान विकत घेणारा माणूस ॲल्युमिनियम आणि इंजिन घेतोच, पण त्याबरोबर आधीच्या सगळ्या मालकांची निगा आणि हयगयही घेतो. शेजारी बसणाऱ्या माणसाचा जीवही त्यात आला.

हे ओझं पेलणारी माणसं आहेत म्हणून १९४६ ची पिवळी कब विमानं आजही उडताना दिसतात. ती उडवण्याआधी त्यांचा धनी टाकीखालची तोटी उघडतो, थोडं पेट्रोल काचेच्या नळीत घेतो, उजेडाकडे धरतो आणि तळाशी पाण्याचा थेंब आहे का ते पाहतो. बहुतेक दिवस थेंब नसतो. तरी तो रोज पाहतो.